आतून मारलेला टाका

१

वहिनींचा कान हे त्या गॅरेजमधलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भरवशाचं हत्यार होतं. गाडी दारात आली की मालकाला आधी बाकावर बसवायचं, बाह्या सारायच्या आणि छोटी लाकडी हातोडी घेऊन गाडीभोवती सावकाश फेरी मारायची, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. ठक, ठक. चांगला पत्रा खणखणीत उत्तर देतो. आतून गंजलेला पत्रा उशीत तोंड खुपसून बोलावं तसा बोलतो. वहिनींचे यजमान होते तोवर कामाची वाटणी ठरलेली होती. गंज शोधायचा वहिनींनी. कापायचं, जोडायचं यजमानांनी. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, घरातसुद्धा. मिस्त्रींना जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. छातीत पाणी झालं आणि चार दिवसांत धडधाकट माणूस गेला. कापायला-जोडायला आता धाकटा दीर होता. हात चांगला, पण मुलखाचा घाईखोर.

त्या सोमवारी दाताच्या डॉक्टरीणबाई आपली गाडी घेऊन आल्या. दोन माणसांची, लांब नाकाची, कापडी छताची, फिकट निळी गाडी. गाडीचं वय पन्नाशीच्या पुढचं, पण तजेला असा, की रस्त्यावरचे लोक चालता चालता थांबून बघत.

"महिन्याभराने मी आणि माझी लेक हिच्यातून डोंगरापलीकडे जाणार आहोत," बाई म्हणाल्या. "लेक चालवणार. रंगारी म्हणाला, गाडी ठणठणीत आहे."

"रंगाऱ्याला काय, वरचं दिसतं," वहिनी म्हणाल्या.

"आमच्याकडेही तेच हो. वरून मोत्यासारखा दात आणि आत ही पोकळी!"

दोघी हसल्या. वहिनी हातोडी घेऊन निघाल्या. नाक, चाकांच्या कमानी, उजवी बाजू, सगळं नीट बोललं. डाव्या दाराखाली मात्र आवाज बसला. तिथे गाडीच्या लांबीने पत्र्याची एक बंद पेटी असते, दारात पाय टाकताना आपण जिच्यावरून पाय टाकतो ती. उजवीकडे एक, डावीकडे एक. पक्कं छप्पर नसलेल्या गाडीचा कणा या दोन पेट्याच. कणा गेला तर गाडी वळणावर मधोमध दुमडते.

वहिनींनी पेचकस टेकवला. रंगाची पापडी फुटली आणि पेचकस लोण्यात शिरावा तसा आत गेला. करंगळी जाईल एवढं भोक पडलं. मग पेटीच्या मागच्या तोंडातून त्यांनी कॅमेऱ्याची नळी घातली. नळी वेतासारखी लवचिक, टोकाला वाटाण्याएवढा कॅमेरा आणि दिवा. हातातल्या पडद्यावर तांबूस, खपल्या-खपल्यांची एक गुहा उजळली.

"बाई गं!" डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"घाबरू नका. सडलेलं काढू, नवं बसवू, आतून मेण फवारू. पेटीच्या तळाशी पाणी जायला चार भोकं असतात, तेवढी मोकळी ठेवली की पुढची तीस वर्षं बघायला नको."

'पाणी जायला वाट ठेव' हे मिस्त्रींचं पालुपद होतं. गाडी असो, गच्ची असो, नाहीतर नवरा-बायकोचं भांडण असो.

वहिनींनी सडक्या भागाभोवती खडूने चौकोन काढला आणि आत फुली मारली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी, दीर कापायचं मशीन लावत असताना, वहिनींनी सवयीने चौकोनात हातोडी टेकवली.

खण्ण.

त्यांनी परत मारली. खण्ण. कालची उशी कुठे गेली? वय झालं की कान दगा देतात म्हणतात, पण कान कमी ऐकेल, जास्त कसं ऐकेल? त्या वाकल्या. चौकोन होता. फुली होती. पेचकसाचं भोक मात्र नव्हतं. त्या जागी रंगाची पापडी उडालेली आणि तिच्याखाली राखाडी, स्वच्छ लोखंड.

"भाऊजी, काल संध्याकाळी इथे टाका मारलात का तुम्ही?"

"मी? वहिनी, तुम्ही सांगितल्याशिवाय मी चहासुद्धा ढवळत नाही."

वहिनींनी बोट फिरवलं. बाहेरून वेल्डिंग केलं की बाहेर उंचवटा येतो. इथे पत्रा सपाट होता. त्यांनी नळी आत घातली. खपल्यांच्या गुहेत, बरोब्बर चौकोनाच्या जागी, एक ठिगळ होतं आणि त्याच्याभोवती वेल्डिंगची वेडीवाकडी कड. टाका आतून मारलेला होता.

बंद पेटीच्या आत माणसाचा हात सोडा, मुठीएवढी मांजर जाणार नाही.

वहिनी पडदा हातात धरून बसल्या. माणसाचं डोकं अशा वेळी वकिलासारखं चालतं, तसं त्यांचंही चाललं. कुणीतरी ही पेटी पूर्वी उघडून, आतून ठिगळ लावून, मग बंद केली असेल. काल कॅमेरा दुसरीकडे वळला असेल. भोक पडलं असं आपल्याला वाटलं असेल. पण बाईंनी तोंडावर हात ठेवला होता, तो कशासाठी?

"कापू का?" दिराने विचारलं.

"आज नको," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तोवर त्या पांढऱ्या गाडीचा दरवाजा उरका."

३

दुपारी ते गॅरेज विहिरीच्या तळासारखं व्हायचं. छतात मधे मधे दुधी पत्रे होते, त्यांतून उजेड गाळून खाली यायचा आणि त्यात धूळ तरंगत राहायची. दीर जेवायला घरी जायचा तो दोन तासांनी उगवायचा. वहिनी एरवी त्या वेळात माडीवर जाऊन पडायच्या. आता त्या चौरंगाएवढं बुटकं स्टूल ओढून निळ्या गाडीपाशी बसू लागल्या.

बुधवारी ठिगळ दोन विती वाढलेलं होतं. गुरुवारी टाका सरळ झाला. शुक्रवारी त्या टाक्याला वळण आलं, माशाच्या खवल्यांसारखं, एकावर एक, एका मापाचं. आणि शेवटाला वर उचललेला एक बारीकसा आकडा.

तो आकडा वहिनींनी हजारदा पाहिला होता. मिस्त्री टाका संपवताना मनगट असं किंचित उडवायचे. दिराने किती वर्षं नक्कल करून पाहिली, साधली नाही.

वहिनींना भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. थंडीच्या दिवसात कुणीतरी मागून येऊन खांद्यावर शाल टाकावी, तसं काहीतरी वाटलं. त्यांनी पेटीला कान लावला. लोखंड कोमट होतं. आत खोल कुठेतरी बारीक सुस्कारा चालू होता, जोडायच्या ज्योतीचा असतो तसा, न तुटणारा. त्या आवाजात डोळे जड व्हायचे. झोप म्हणावी तर जाग असायची, जाग म्हणावी तर धूळ हवेत जागच्या जागी थांबलेली दिसायची.

मग वहिनी बोलायला लागल्या. आधी नुसतं, "कसं आहे?" मग घरातलं, दारातलं. माडीवरचा नळ गळतो. भाऊजींनी दाढी वाढवलीय, बोकडासारखे दिसतात. मग जुनं. पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुमच्या अंगाला ग्रीसचा वास येत होता. तुमच्या डाव्या भुवईवरचा तो व्रण, पत्रा उडून लागलेला. गालावरचा तीळ. हसताना एकच डोळा बारीक व्हायचा. दीड वर्षात कुणाला सांगायला मिळालं नव्हतं ते सगळं त्या पेटीला सांगत गेल्या. सांगितलं की आतला सुस्कारा क्षणभर थांबायचा. ऐकून घेतल्यासारखा. मग पुन्हा चालू.

"वहिनी," एकदा दीर लवकर आला आणि दारातच उभा राहिला. "कुणाशी बोलताय?"

"गाडीशी."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं. "काही बोलते का?"

"अजून नाही," वहिनी म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडातून निघालेल्या 'अजून' या शब्दाने जराशा दचकल्या.

४

दुसऱ्या सोमवारी डॉक्टरीणबाई दवाखान्यातून परस्पर गाडी बघायला आल्या. आठवडा झाला तरी गाडी होती तशीच उभी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काम अवघड आहे का?"

"तसं नाही. आपोआप... म्हणजे, होतंय."

"सावकाश करा. घाईत केलेलं मला नकोच." बाई वाकून पेटीकडे बघत म्हणाल्या, "आमच्याकडे शिकाऊ डॉक्टर काय करतात, दात आतून पुरता सुकू देत नाहीत. ओलीवरच भरतात. वरून इतका सुंदर दिसतो म्हणून सांगू! आणि आत सडत राहतं. माणसाला कळतं तेव्हा जबडा सुजलेला असतो."

बाई गेल्या. वहिनींच्या मनात मात्र 'ओलीवर' हा शब्द कुसळासारखा अडकून राहिला. इतक्या दिवसांत त्यांनी पेटीच्या आत पाहिलं होतं, बाजूने पाहिलं होतं. खाली पाहिलं नव्हतं. त्या सतरंजी टाकून गाडीखाली सरकल्या आणि टॉर्च लावला.

तळाच्या चार भोकांपैकी तीन बुजलेली होती. आतून. सुरेख खवल्यांच्या टाक्याने, शेवटाला तो आकडा. चौथ्या भोकाचा निम्मा चंद्र तेवढा उरला होता.

मिस्त्री मेले तरी पाण्याची वाट बुजवणार नाहीत. हा विचार मनात आला आणि तो शब्दशः खरा असल्याचं ध्यानात येऊन वहिनी त्या गाडीखाली तशाच निपचित पडून राहिल्या.

मग त्यांनी नळी घेतली आणि पहिल्यांदाच ती पेटीच्या पुढच्या टोकाकडे ढकलली, जिथे काही सडलेलं नव्हतं आणि म्हणून बघायचं कारणही नव्हतं. पडद्यावर ओळी उमटल्या. भिंतभर टाकेच टाके, एकाखाली एक, काहीही न जोडणारे. वरच्या ओळी गचाळ, थेंबाळलेल्या. खाली खाली येताना सुधारत गेलेल्या. शेवटच्या ओळींत तो आकडा, पन्नासदा, शंभरदा. पाटीवर कुणी अक्षर गिरवावं तसा.

माणूस आपलीच सही गिरवत बसत नाही.

५

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, दीर नवा पत्रा आणायला गेला असताना, वहिनींनी ड्रिल हातात घेतलं. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या दुकानात कुणीतरी गिऱ्हाइकाशी मोठमोठ्याने घासाघीस करत होतं. ते ऐकू येतंय तोवर काही होणार नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि त्या खाली सरकल्या.

चौथं भोकही आता बंद होतं. त्यांनी ड्रिल टेकवलं. लोखंडाचा कीस सुटला, मग टोक एकदम आत गेलं आणि त्यांच्या मनगटावरून पाणी ओघळलं. अंगाच्या तापाएवढं कोमट, तांबडं पाणी. आधी धार, मग लोट. खाली ठेवलेलं पत्र्याचं ताट भरलं, बादली भरली, फरशीवरून पाणी गटाराकडे निघालं. ही गाडी आठ दिवस कोरड्या जागी उभी होती. हातभर रुंदही नसलेल्या त्या पेटीत एवढं पाणी मावणारच नव्हतं. वहिनी मनाशी हिशेब करत होत्या, लांबी इतकी, उंची इतकी, आणि पाणी येतच होतं.

ते थांबलं तसं समोरच्या दुकानातला आवाजही थांबला.

वहिनींनी नळी आत घातली. आधी वाफ. मग पलीकडे, लांब, पाच फुटांच्या पेटीत असू शकतं त्याहून कितीतरी लांब, निळसर ज्योतीचा एक ठिपका. तो ठिपका कामात होता. मग तो थांबला, आणि वळला.

उजेडात अर्धा चेहरा आला. तुकड्यातुकड्यांनी जोडलेला, सांधे इतके बारीक की त्वचाच वाटावी. गालावर तीळ. बारीक केलेला एक डोळा. भुवईवर व्रण. दुसरी अर्धी बाजू नुसता सपाट पत्रा होती, आणि त्यावर वहिनी मारतात तशी खडूची फुली. तोंडाच्या जागी सरळ, बंद सांधा.

व्रण डाव्या भुवईवर होता. मिस्त्रींचा उजव्या भुवईवर होता. पेटीशी बोलताना वहिनींच्याच तोंडून चुकून 'डावी' असं निघून गेलं होतं.

डोळा दिव्याकडे सरकला. वहिनींनी नळी हिसका देऊन बाहेर काढली. पुढे किती वेळ गेला ते त्यांना सांगता आलं नसतं. समोरच्या दुकानातली घासाघीस पुन्हा सुरू झाली होती. त्या बाहेर आल्या तेव्हा दीर पत्रा खांद्यावर घेऊन दारात उभा होता आणि फरशीवरच्या पाण्याकडे बघत होता.

"हे कुठलं पाणी?"

"भाऊजी, ही अख्खी पेटी काढायची. न उघडता. जशी आहे तशी, दोन्ही टोकांसकट."

"अहो, पण उघडून बघितल्याशिवाय—"

"उघडायची नाही म्हणाले ना!"

सव्वीस वर्षांत वहिनींनी दिरावर आवाज चढवला नव्हता. त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला.

६

पेटी निघायला दोन दिवस लागले. नवी घडवायला सहा. वहिनींनी प्रत्येक सांधा स्वतः वाजवून घेतला, तळाची चारही भोकं बोटाने चाचपली, आतून मेणाचा फवारा स्वतः मारला. उजवी पेटी त्यांनी तीनदा तपासली. ती रिकामी होती, साधी, मुकी, लोखंडाची. डॉक्टरीणबाई लेकीला घेऊन आल्या. लेक चाकामागे बसली, गाडी एक डरकाळी फोडून रस्त्याला लागली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. त्या मायलेकी डोंगरापलीकडे जाऊन सुखरूप परत आल्या. तिथले फोटो त्यांनी पुढे वहिनींना दाखवले. ती गाडी आजही उत्तम चालते.

राहिली जुनी पेटी. इतके दिवस ती मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आणि वहिनी त्या भिंतीकडे पाठ करून काम करत होत्या. दुपारी त्या माडीवर जात, पण पडून राहिलं तरी डोळा लागत नसे. खाली कुणीतरी आपण काही सांगण्याची वाट बघतंय असं वाटत राही. एकदा त्या अर्धा जिना उतरून आल्या होत्या. तिथेच कठडा घट्ट धरून उभ्या राहिल्या आणि परत वर गेल्या.

गाडी गेली त्याच सकाळी त्यांनी दिराला पेटी टेम्पोत टाकायला लावली आणि त्या स्वतः शेजारी बसल्या.

"भंगारात टाकायला दोघं कशाला?" दीर म्हणाला. पेटी उचलताना त्याला कुणाची तरी मदत घ्यावी लागली होती.

भंगारवाला जुन्या ओळखीचा, मिस्त्रींच्या वयाचा. त्याच्या अंगणात पत्रा दाबायचं मोठं यंत्र होतं. वरून जाड लोखंडी फळी सावकाश खाली येते आणि मधे असेल त्याचा ठोकळा करते. बाजूच्या खांबावर दोन बटणं, चालू करायचं हिरवं आणि थांबवायचं तांबडं. त्याने पेटी आडवी ठेवली.

"वहिनी, तुम्ही सावलीत बसा की."

"इथेच बरी आहे," वहिनी म्हणाल्या, आणि खांबाला हात टेकून उभ्या राहिल्या.

भंगारवाल्याने हिरवं बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. फळी वीत-वीत खाली येऊ लागली. वहिनी मनात म्हणत होत्या, भुवई डावी होती. भुवई डावी होती. फळी पेटीला टेकली, पत्रा कुरकुरला, कुठल्याशा सांध्यातून तांबड्या पाण्याची बारीक रेघ निघाली.

आणि आतून कुणीतरी खाकरलं.

दोनदा. पहिलं मोठं, दुसरं जरा ओशाळं, हळू. बोलायला तोंड उघडायच्या आधी मिस्त्री नेमके असेच खाकरायचे. लग्नाला विचारलं तेव्हाही, दवाखान्यात शेवटचं बोलले तेव्हाही. हे वहिनींनी त्या पेटीला सांगितलं नव्हतं. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

तांबडं बटण त्यांच्या अंगठ्याखाली होतं. अंगठा तिथे कधी गेला, त्यांना कळलं नाही. फळी खाली जात होती. पत्रा दुमडला, फाटला, दबला, आणि यंत्र आपलं आपण थांबलं. अंगणात शांतता झाली.

भंगारवाल्याने कपाळावरचा घाम पुसला आणि वळून पाहिलं.

"काही म्हणालात का, वहिनी?"

वहिनींनी बटणावरचा अंगठा दुसऱ्या हाताने उचलून बाजूला केला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही."